पहिली नोंद

पाचाड समुद्रापासून दूर आहे. महाडहून रायगडाकडे पंचवीसेक किलोमीटर आत, गडाच्या पायथ्याशी वसलेले हे जिजाऊंच्या समाधीचे गाव. तरीही कोकणातल्या आतल्या गावांची रीत इथेही आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीत मीठ-मिरची, कांद्याबरोबर सुके बोंबील आणि जवळा घरात येतो. घेणारी बाई बोंबील मोडून पाहते, जवळा मुठीत घेऊन वास घेते, आणि विकणारी ओळखीची असेल तर तेवढेही करत नाही. या व्यवहाराला कागद लागत नाही. माल डोळ्यांसमोर असतो, माणूस समोर असतो, आणि फसवणूक झालीच तर पुढच्या बाजाराला गाठता येते. याच तालुक्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मात्र मासळीचा एक वेगळाच व्यवहार रोज धावत असतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून निघालेली मासळी कशेडी ओलांडून पोलादपूर, महाड, माणगाव करत तळोज्याच्या प्रक्रिया कारखान्यांकडे आणि मुंबईकडे जाते. त्यातली काही पुढे परदेशात जाते. तिथे ती विकत घेणारा माणूस मिरकरवाड्याला कधी येणार नाही, तांडेलाला कधी भेटणार नाही. त्याच्यापर्यंत मासा पोहोचतो आणि माशाबरोबर एक हिशेब पोहोचतो. या प्रकरणात मला एवढेच मांडायचे आहे की शाश्वत मासेमारीचा दावा करणाऱ्या निर्यातदाराचा खरा माल म्हणजे हा हिशेब आहे, आणि तो हिशेब त्यातल्या पहिल्या नोंदीपेक्षा जास्त खरा कधीच होऊ शकत नाही.

व्यवहाराचा आवाका आधी पाहू. २०२३-२४ या वर्षात भारताने १७.८१ लाख टन समुद्री उत्पादने निर्यात केली आणि त्यातून सुमारे ६०,५२३ कोटी रुपये मिळाले. त्यातली जवळपास दोन तृतीयांश रक्कम एकट्या गोठवलेल्या कोळंबीची. एवढ्या मोठ्या धंद्यात कागदपत्रांची शिस्त हौसेने आलेली नाही. १९९७ मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबवली, तेव्हा कारखान्यांना फरशी, पाणी, बर्फ, कामगारांचे हात या सगळ्याच्या नोंदी ठेवणे भाग पडले. २००५ पासून युरोपात नियम आला की अन्नाचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाला आपला माल कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला हे सांगता आले पाहिजे. मागची एक पायरी आणि पुढची एक पायरी, इतकीच ती मागणी होती. २०१० पासून मात्र प्रश्न थेट समुद्रात जाऊन पोहोचला. बेकायदा आणि नोंद नसलेली मासेमारी रोखण्यासाठी युरोपने पकड प्रमाणपत्र सक्तीचे केले. कोणती बोट, तिचा नोंदणी क्रमांक आणि परवाना, कोणती जात, किती वजन, कोणत्या पाण्यात, कोणत्या तारखांना, हे सगळे त्यात लिहावे लागते. भारतात हे प्रमाणपत्र एमपीईडीए, म्हणजे कोचीचे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण देते. २०१८ पासून अमेरिकेनेही ठरावीक जातींसाठी असाच माग मागायला सुरुवात केली आणि वर्षाअखेरीस कोळंबी त्यात आली. २०२६ च्या जानेवारीपासून युरोपातली पकड प्रमाणपत्रे संगणकीय प्रणालीतून द्यावी लागतात. मागच्या एका पायरीचा प्रश्न वीस वर्षांत बोटीच्या नाळेपर्यंत सरकला, तो असा.

बहुतेक निर्यातदार याकडे परवान्यांचे ओझे म्हणून पाहतात. एक कारकून नेमायचा, त्याने प्रमाणपत्रांचा गठ्ठा सांभाळायचा, आणि खरेदी-विक्रीचा हिशेब दुसऱ्या टेबलावर चालू द्यायचा. इथेच चूक होते. मासळीच्या धंद्यात पुरवठ्याची माहिती आणि व्यापाराची माहिती ही दोन वह्यांची कामे नाहीत. ताज्या मासळीचा भाव ठरतो तो तिच्या उरलेल्या दिवसांवर, आणि उरलेले दिवस माशाकडे पाहून पुरते कळत नाहीत. मत्स्यविज्ञानात एक साधे गणित वापरले जाते. बर्फात, शून्य अंशावर ठेवलेला मासा ज्या वेगाने खराब होतो तो वेग एक धरला, तर पाच अंशांवर तो सव्वादोन पट होतो, दहा अंशांवर चौपट आणि पंधरा अंशांवर सव्वासहा पट. आता समजा, सरंग्याचा एक लॉट जेट्टीवर लिलावाची वाट पाहत बर्फाविना तीन तास पडला आणि त्याचे तापमान पंधरा अंशांवर राहिले. त्या तीन तासांत बर्फातले जवळपास एकोणीस तास खर्च झाले. पुढे टेम्पोत बर्फ कमी पडला आणि दहा तासांचा प्रवास पाच अंशांवर झाला, तर तिथे साडेबावीस तास गेले. घड्याळात तेरा तास झाले, माशाच्या आयुष्यातून एकेचाळीस गेले. कारखान्याच्या दारात हा लॉट आणि शेजारचा नीट बर्फात आलेला लॉट डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. विमानाने ताजा माल पाठवणाऱ्याने दोन्हींना एकच भाव दिला आणि दोन्ही एकाच गिऱ्हाइकाला विकले, तर नुकसान त्याचेच आहे. ते पंधरवड्याने, तक्रारीच्या रूपाने परत येते, आणि तोवर कोणता लॉट कुठून आला होता हे कोणाला आठवत नसते.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत तर हा प्रश्न भावापुरता राहत नाही. हे मासे ऊबेत राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते. एकदा तयार झालेले हिस्टामिन नंतर गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. मासा दिसायला चांगला असताना ते खाणाऱ्याला बाधू शकते. प्रयोगशाळा नमुने तपासते, पण नमुना म्हणजे हजारातले काही मासे. उरलेल्यांबद्दल आपण जे म्हणतो ते वेळ आणि तापमानाच्या नोंदीवर विसंबून म्हणतो. जाळे वर ओढल्याची वेळ, बर्फ भरल्याची वेळ, जेट्टीवर उतरवतानाचे तापमान, गाडीचे दार किती वेळा उघडले: या नोंदी हरवल्या तर माशाचा एक भागच हरवला असे समजावे, कारण तो भाग पुन्हा मोजता येत नाही.

दोन्ही हिशेब एका धाग्यात ओवतो तो लॉट क्रमांक. तो कसा असावा यावर बरेच पांडित्य चालते, पण काम साधे आहे. एका दिवशी, एका बोटीचा किंवा एका ठिकाणच्या काही छोट्या बोटींचा, एका जातीचा माल म्हणजे एक लॉट, आणि कारखान्यात शिरल्यापासून खोक्यावर शिक्का बसेपर्यंत तो क्रमांक मालापासून सुटता कामा नये. तो सुटतो प्रतवारीच्या टेबलावर. कोळंबीचे काउंट लावताना तीन बोटींचा माल एकाच आकाराच्या ढिगात येतो, आणि तिथून पुढे खोक्यावर जे लिहिले जाते ते अंदाजाने लिहिले जाते. यावर उपाय म्हणजे एक लॉट संपवून, टेबल धुऊनच दुसरा घेणे. त्यात थोडा वेळ जातो. पण मोबदल्यात मिळते ती उताऱ्याची खरी आकडेवारी. डोक्यासकट आलेल्या कोळंबीचे डोके काढले की साधारण साठ ते पासष्ट टक्के वजन उरते. हजार किलो आवक असेल तर सहाशे ते साडेसहाशे किलो माल निघायला हवा. वहीत आठशे दिसत असेल तर कुठून तरी नोंद नसलेला माल मिसळला आहे किंवा वजनात पाणी आहे. पाचशेच निघाला असेल तर माल शिळा होता, कातरणाऱ्या हातांना सराव नव्हता, किंवा वाटेत चोरी झाली. या एका वजाबाकीतून मालकाला नफा कळतो, तपासनिसाला खरेपणा कळतो आणि खरेदी पाहणाऱ्याला कळते की पुढच्या वेळी कोणत्या बोटीला किती भाव द्यायचा. वही एक असली तरच हे होते.

साठ्याचा हिशेब आणि दिवसांचा हिशेब एकत्र मांडण्याची समज या मुलुखाला नवी नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतल्या अंमलदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात बजावले आहे की जमवलेले दाणा-वैरण आताच मनमानी उधळले तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, मग लष्कर रयतेच्या घरात शिरेल आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि वैरणीला आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीचीही काळजी त्या पत्रात आहे. मासळीच्या धंद्यातही पावसाळ्याचा हाच हिशेब लागतो: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या एकसष्ट दिवसांचा विचार जो निर्यातदार मार्चमध्ये करत नाही, तो मेच्या शेवटी मिळेल तो माल मिळेल त्या भावाने उचलतो. त्यात अपुऱ्या वाढीचे मासे येतात, आणि ते विकत घेणारा कारखानाच ते पकडायला भाग पाडतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आणि त्याच वर्षी सरंग्याला राज्यमासा म्हणून मान दिला. किमान आकाराचा नियम बंदरावर पाळला जातो की नाही हे सरकारी माणूस दर दिवशी, दर जेट्टीवर पाहू शकत नाही. कारखाना मात्र पाहू शकतो, कारण त्याच्या प्रतवारीच्या टेबलावर प्रत्येक माशाचा आकार तसाही मोजला जातो. ही मापे मालाचा भाव लावून झाल्यावर टाकून दिली जातात, याचे वाईट वाटते.

आता आक्षेपांकडे वळतो, आणि सर्वांत वजनदार आक्षेप या तालुक्यातूनच येतो. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. या डोहातले महसीर जातीचे मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कोणी पकडत नाही, उलट खाऊ घालतात. भारतातल्या देवराया आणि देवाच्या डोहांचा अभ्यास करणाऱ्यांनी या जागेची दखल घेतली आहे. मग विचारले जाते की जिथे ना लॉट क्रमांक आहे ना प्रमाणपत्र, तिथे मासे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. शाश्वतता श्रद्धेने आणि गावकीने येते, तिला संगणक कशाला? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. वाळणकोंडात नियम टिकला त्याची कारणे पाहिली पाहिजेत. तिथे पकड शून्य आहे, म्हणून मोजायचे काही नाही. डोह लहान आहे आणि सगळ्यांच्या नजरेत आहे. नियम मोडणारा गावातच राहतो. आणि मुख्य म्हणजे तो मासा कोणी दूर विकत नाही. यातली एकही गोष्ट निर्यातीच्या मासळीला लागू होत नाही. तिथे पकड करायचीच आहे, समुद्राला काठ एकच आहे, खाणारा हजारो किलोमीटरवर आहे आणि जाळे टाकणाऱ्याचे तोंडही त्याने पाहिलेले नाही. नजर जिथे पोहोचत नाही तिथे नोंद तिचे काम करते. वाळणकोंडाने शिकवावे ते वेगळेच: नियम टिकतो तो ज्यांच्या हातात मासा आहे त्यांना तो आपला वाटतो तेव्हा. या मुद्द्याकडे मला शेवटी यायचे आहे.

दुसरा आक्षेप बंदरावरचा. इथली मासेमारी युरोपसारखी एका जातीची नाही. एका ओढीत वीस जाती येतात. डोल जाळ्यात बोंबील, मांदेली, जवळा एकत्र असतो. छोट्या होडीवाल्याने पहाटे खाऱ्या वाऱ्यात ओल्या हाताने काय लिहायचे? हे खरे आहे, आणि नियम करणाऱ्यांनीही ते ओळखले आहे. लहान बोटींसाठी युरोपच्या नियमांत सोपे प्रमाणपत्र आहे, आणि ते बोटीच्या तांडेलाऐवजी निर्यातदाराने भरायचे असते. सोय झाली, पण त्यात एक धोका आहे. लेखणी पकडणाऱ्याच्या हातून विकणाऱ्याच्या हातात गेली. समुद्रात काय झाले ते ज्याने पाहिले नाही, तोच ते लिहून सही करतो. म्हणून छोट्या मासेमारीत निर्यातदाराची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. त्याने आपला माणूस जेट्टीवर उभा केला पाहिजे. होडीवाल्याने तोंडी सांगायचे, त्या माणसाने मोबाइलवर भरायचे, फोटो काढायचा, वजनाची पावती तिथेच द्यायची. जातीही सगळ्या लागत नाहीत. निर्यातदार विकत घेतो त्या पाच-सहा जाती नीट नोंदवल्या तरी खूप झाले.

छोटी, हाताने होणारी मासेमारी या कसोटीला उतरू शकते याचा पुरावा भारतात आहे. केरळात अष्टमुडी खाडीत शिंपल्यांची पकड १९९१ च्या सुमारास दहा हजार टनांपर्यंत चढली आणि दोनच वर्षांत निम्म्याच्या आसपास आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आकडे मांडले, आणि त्यावरून डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, जाळ्याचा किमान आस आणि निर्यातीच्या शिंपल्यांचा किमान आकार ठरला. २०१४ मध्ये ही मासेमारी मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळवणारी भारतातली पहिली ठरली. ती मोठ्या ट्रॉलरांची नव्हती. होडीतून, पाण्यात उतरून शिंपले काढणाऱ्यांची होती. बाणकोटपासून वर सावित्रीच्या खाडीतही, कोकणातल्या इतर खाड्यांप्रमाणे, ओहोटीला तिसऱ्या वेचल्या जातात. त्यांच्याकडे कधी निर्यातीचा माल म्हणून पाहायचे ठरले, तर अष्टमुडीपेक्षा एक नोंद जास्त लागेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि तिथले प्रक्रिया केलेले सांडपाणी या खाडीत सोडले जाते. शिंपला पाणी गाळून जगतो, पाण्यात जे असेल ते अंगात साठवतो. तेव्हा इथे पकडीच्या वहीशेजारी पाण्याच्या तपासणीची वही ठेवावी लागेल, वर्षभर, ठरलेल्या जागी, आणि ती सगळ्यांना पाहता आली पाहिजे. त्याशिवाय शाश्वत हा शब्द त्या खोक्यावर छापण्याचा कोणाला अधिकार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: कागद रंगवता येतो. येतो, यात शंका नाही. पण एकटा कागद रंगवणे सोपे, एकमेकांना बांधलेले सहा कागद रंगवणे अवघड. बोटीने टनभर माल आणला असे म्हटले तर त्या फेरीला लागलेले डिझेल, भरलेला बर्फ, समुद्रातले दिवस आणि लिलावाची पट्टी त्याच्याशी जुळली पाहिजे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघर इथे बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेला सुरुवात झाली. मुख्य हेतू खलाशांच्या सुरक्षेचा आहे, पण बोट कुठे होती याचा साक्षीदारही त्यातून मिळतो. आणि वर सांगितलेली उताऱ्याची वजाबाकी कारखान्याच्या आतले खोटे पकडते. खोट्या नोंदी पूर्ण थांबतील असा माझा दावा नाही. खोटे लिहिणे खरे लिहिण्यापेक्षा महाग पडावे, एवढी व्यवस्था निर्यातदाराच्या हातात आहे.

नोंदींमुळे आपला भाव उघडा पडेल या निर्यातदारांच्या भीतीबद्दल फार लिहायची गरज नाही. मागासाठी जात, वजन, जागा, वेळ आणि तापमान लागते. भाव लागत नाही. तो त्याच वहीत असावा, पण वेगळ्या कुलपात. माहितीचा धंद्याला होणारा उपयोग मात्र ठसठशीत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. अशा वेळी गोदामातला कोणता लॉट युरोपच्या अटींत बसतो, कोणत्या तळ्यातल्या कोळंबीची काढणीपूर्व तपासणी झालेली आहे, कोणत्या मालाला पकड प्रमाणपत्र मिळू शकते, हे ज्याला लगेच सांगता येईल त्यालाच बाजार बदलता येतो. बाकीच्यांनी वाट पाहायची किंवा पडेल भावाने काढायचे.

उरला तो सगळ्यांत अवघड मुद्दा. कारखान्याची वही कितीही चोख असली तरी तिला तोच मासा दिसतो जो विकत घेतला गेला. जाळ्यात आला आणि समुद्रातच फेकला तो, कुटीच्या, म्हणजे भुकटी करायच्या मासळीच्या, गाडीत गेला तो, स्थानिक बाजारात गेला तो, यांची नोंद तिच्यात नसते. म्हणून केवळ आपल्या आवकेवरून समुद्र सुस्थितीत आहे असे निर्यातदाराने सांगू नये. समुद्राचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देते. तिचे लोक बंदरे आणि दिवस नमुना म्हणून निवडून, बोटी मोजून राज्याची पकड काढतात. २०१९ मध्ये महाराष्ट्राची पकड सुमारे दोन लाख टनांवर घसरली. आदल्या वर्षी ती त्याच्या जवळपास दीडपट होती. घसरणीला त्या वर्षाच्या वादळांचाही हातभार होता. पण अशा घसरणीत वादळ किती आणि उपसा किती हे वेगळे काढायला रोजच्या, बोटनिहाय, आकारासकट नोंदी लागतात, आणि त्या सर्वांत जास्त साठतात निर्यातदारांच्या संगणकात. बोटीची आणि भावाची ओळख काढून त्या संस्थेला देणे हे निर्यातदाराचे कर्तव्य मानले पाहिजे. जो समुद्राची माहिती कुलपात ठेवून शाश्वततेच्या नावाने जादा भाव घेतो, त्याचा तो भाव मला रास्त वाटत नाही.

आणि पहिली नोंद करणाऱ्याला काय मिळते? आज बहुधा काहीच नाही. तांडेलाने वेळ सांगितली, बर्फ जास्त भरला, लहान मासे परत सोडले, तरी लिलावात भाव तोच. उलट दलालाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असेल तर माल कोणाला द्यायचा हेही त्याच्या हातात नसते. अशा माणसाकडून खरी नोंद मागणे म्हणजे फुकट काम मागणे आहे. भाव दोन भागांत द्यावा. एक भाग जेट्टीवर वजनावर, रोख. दुसरा भाग लॉट कारखान्यात तपासल्यावर: तापमान ठीक, आकार ठीक, नोंद पूर्ण, तर किलोमागे ठरलेली वाढ, आठवड्याच्या आत खात्यात. नोंद अपुरी असेल तर दंड नको, फक्त वाढ नाही. म्हणजे खोटे लिहायचे कारण उरत नाही आणि न लिहिण्याचे नुकसान दिसत राहते. शिवाय हंगामाच्या शेवटी, जूनची बंदी लागली की, मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत त्यांचा हिशेब त्यांच्यासमोर मराठीत ठेवावा: कोणत्या महिन्यात सरंग्याचा सरासरी आकार उतरला, कोणत्या पाण्यात पिल्ले जास्त आली, बर्फ वेळेवर भरणाऱ्या बोटींना वर्षाकाठी किती जास्त मिळाले. पुढच्या हंगामात कोणत्या पट्ट्यात काही आठवडे जाळे टाकायचे नाही, हे त्या बैठकीत ठरू शकते, आणि ठरवणारे तेच असतील ज्यांना ते पाळायचे आहे.